परक्या गावची शाळा

दूरदेशीच्या एखाद्या खेड्यात शाळा नाही, असे कानी आले की पुष्कळांच्या मनात करुणा उत्पन्न होते. करुणा उत्पन्न होणे चांगलेच; परंतु तेवढ्याने शाळा उभी राहत नाही. तिला दगड लागतात, लाकूड लागते, छप्पर लागते, आणि या सर्वांहून अधिक म्हणजे रोज वेळेवर येणारा शिक्षक लागतो. या प्रत्येक गोष्टीस पैसा हवा. म्हणून सहृदय माणसे एकत्र येतात, निधी उभारतात, सभा भरवतात, व्याख्याने देतात आणि घरोघर जाऊन वर्गणी जमवतात. जमलेला पैसा समुद्रापार जातो आणि कधीही न पाहिलेल्या मुलांच्या हाती पाटी-पुस्तक येते.

असे निधी जगात अनेक उभारले गेले. त्यांतील काहींनी गावांचे भाग्य पालटले. काहींच्या वाट्याला केवळ पडक्या भिंती आणि निराशा आली. सद्भावना दोन्हीकडे होती. मग फरक कशाने पडला? याचे उत्तर मराठीतील एका जुन्या म्हणीत सापडते : ‘गाव करी ते राव न करी.’ श्रीमंत माणूस एकटा जे करू शकत नाही, ते सारा गाव मिळून करतो. परक्या गावच्या शाळेस मदत जरूर करावी. परंतु ती शाळा त्या गावाचीच राहील, अशा रीतीने करावी. हे ज्यांनी ओळखले त्यांचे दान फळास आले.

या बाबतीत नेपाळातील खुमजुंग गावाची हकीगत मोठी उद्बोधक आहे. एव्हरेस्टच्या वाटेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, शेर्पा लोकांचे हे गाव वसलेले आहे. बटाटे व जव पिकवणे, याक पाळणे आणि गिर्यारोहकांची ओझी वाहणे, यांवर तेथील लोकांचा चरितार्थ चाले. जगातील उंच शिखरांवर ज्यांनी परक्यांना सुखरूप नेले, त्या शेर्पांच्या या गावातील मुलांसाठी १९६० सालापर्यंत शाळा नव्हती.

एडमंड हिलरी हे न्यूझीलंडचे रहिवासी. त्यांचा व्यवसाय मधमाश्या पाळण्याचा. २९ मे १९५३ रोजी तेन्झिंग नोर्गे यांच्यासह त्यांनी एव्हरेस्टवर पाऊल ठेवले आणि त्यांचे नाव जगभर गाजले. सन्मान मिळाले, पदव्या मिळाल्या. एवढ्यावर संतुष्ट राहून त्यांनी उरलेले आयुष्य सुखाने घालवले असते तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. परंतु आपल्या यशात शेर्पांच्या खांद्यांचा वाटा किती मोठा आहे, याची त्यांना जाणीव होती. १९६० साली ते हिमालयात पुन्हा एका मोहिमेवर गेले असता आपल्या एका शेर्पा सहकाऱ्यास त्यांनी विचारले की, तुमच्या लोकांसाठी काय करता येईल? त्या सहकाऱ्याने धन मागितले नाही, वस्त्रे मागितली नाहीत. खुमजुंगच्या मुलांसाठी शाळा हवी, असे त्याने सांगितले.

वरवर पाहता हा प्रसंग लहानसा आहे. परंतु पुढील सर्व कार्याचे बीज त्यात आहे. हिलरींनी आधी विचारले आणि मग दिले. कित्येक दाते याच्या नेमके उलट करतात. खेड्याला काय हवे, हे ते आपल्या शहरात बसून ठरवतात. जेथे शिक्षक नाही तेथे ते पुस्तकांच्या पेट्या धाडतात; जेथे पाणी नाही तेथे रंगीत खेळणी पाठवतात. अशा दानाने देणाऱ्याचे मन निवते, पण घेणाऱ्याची गरज भागत नाही. तहानलेल्यास पंचपक्वान्ने वाढण्यासारखेच ते आहे. ज्यास द्यावयाचे त्यास आधी विचारावे, हा सौजन्याचा नियम तर आहेच. शिवाय तो व्यवहाराचाही नियम आहे.

याच मोहिमेत घडलेली एक गोष्ट मुलांस विशेष रंजक वाटेल. खुमजुंगच्या बौद्ध मठात यतीची, म्हणजे हिममानवाची, म्हणून एक केसाळ टाळू जपून ठेवलेली होती. शास्त्रज्ञांकडून तिची परीक्षा करून घ्यावी, असे हिलरींच्या मनात आले. गावच्या वडीलधाऱ्यांनी आपला हा पवित्र ठेवा ठरलेल्या मुदतीत परत आणण्याच्या बोलीवर दिला आणि त्याच्या रक्षणासाठी खुंजो चुंबी नावाचा आपला एक प्रमुख माणूस बरोबर पाठवला. ती टाळू अमेरिका व युरोप फिरून आली. ती हिममानवाची नसून सेरो नावाच्या डोंगरी जनावराच्या कातड्याची घडवलेली आहे, असा निर्वाळा शास्त्रज्ञांनी दिला. हिममानव हाती लागला नाही. परंतु बोलल्याप्रमाणे ठेवा परत आला आणि परस्परांवरील विश्वास दृढ झाला. परक्या गावात काम करू इच्छिणाऱ्यास या विश्वासाहून मोठे भांडवल दुसरे नाही.

पुढील वर्षी, म्हणजे १९६१ साली, खुमजुंगला शाळा उभी राहिली. ती एकट्या हिलरींनी उभारली, असे म्हणणे बरोबर होणार नाही. तिची अॅल्युमिनियमची इमारत कलकत्त्याच्या इंडियन अॅल्युमिनियम कंपनीने देणगी म्हणून दिली. ते साहित्य रेड क्रॉसच्या विमानाने डोंगरातील एका लहानशा धावपट्टीपर्यंत पोहोचवले आणि तेथून माणसांच्या पाठीवरून गावात आले. शिकवण्यासाठी दार्जिलिंगहून एक शेर्पा शिक्षक आले. तेंगबोचे मठाच्या प्रमुख लामांनी येऊन शाळेस आशीर्वाद दिला. अशा रीतीने न्यूझीलंडचा पुढाकार, भारतातील देणगी व शिक्षक आणि गावकऱ्यांचे श्रम एकत्र आले, तेव्हा कोठे त्या उंच पठारावर मुलांचा पाठ घुमू लागला.

खुमजुंगची शाळा पाहून शेजारच्या गावांनीही अर्ज पाठवले. १९६३ साली पांगबोचे व थामे येथे शाळा झाल्या. त्यानंतरच्या वर्षी नामचे बाजार, चौरीखर्क, जुनबेसी अशा गावांची पाळी आली. या कार्यासाठी हिमालयन ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. तिने पुढे पंचवीसहून अधिक शाळा उभारण्यास हातभार लावला आणि दोन रुग्णालये व अनेक दवाखाने काढले. यांपैकी खुंदे येथील रुग्णालय १९६६ साली सुरू झाले.

एवढा पैसा आला कोठून? हिलरी काही धनाढ्य नव्हते. त्यांनी देशोदेशी व्याख्याने दिली, मोहिमांची हकीगत सांगितली आणि आलेली मिळकत शाळांकडे वळवली. काही मोठ्या कंपन्यांनी साहाय्य केले. न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका, जर्मनी इत्यादी देशांतील सामान्य माणसांनी आपापल्या कुवतीप्रमाणे वर्गणी दिली. मधमाशी एका फुलातून मधाचा कणभरच अंश आणते. परंतु हजारो माश्यांच्या हजारो फेऱ्यांनी पोळे भरते. मधपाळाचा व्यवसाय केलेल्या त्या गिर्यारोहकास हे निराळे शिकवावे लागले नसेल.

अनेकांनी थोडे थोडे दिलेला पैसा आणि एकाने दिलेली मोठी रक्कम, यांत वस्तुतः अंतर ते काय, असे कोणी विचारील. शाळेच्या भिंतीस त्याने काही फरक पडत नाही, हे खरे. परंतु एकाचीच देणगी असली की त्या एकाची मर्जी सांभाळावी लागते. तो रुसला की काम थांबते. थेंबे थेंबे साचलेले तळे असे एका दिवसात आटत नाही. शिवाय ज्याने आपल्या खाऊच्या पैशांतून चार आणे बाजूला काढले, त्याचे मन त्या दूरच्या शाळेकडे लागून राहते. ती शाळा कोठे आहे, तेथे थंडी किती पडते, तेथील मुले कोणती भाषा बोलतात, हे जाणून घ्यावेसे त्यास वाटते. या दृष्टीने पाहिले तर निधी गोळा करणे हेही एक शिक्षणच होय.

तथापि देणाऱ्यांची संख्या मोठी असून भागत नाही. घेणाऱ्या गावाचाही वाटा असावा लागतो. हिमालयातील या शाळांच्या बाबतीत मागणी गावाची असे. गावकरी जागा देत, डोंगरातून दगड व लाकूड वाहून आणत, बांधकामास हात लावत. ज्या भिंतीचा दगड वडिलांनी स्वतःच्या पाठीवरून आणला, ती भिंत मुलगा कोरून खराब करीत नाही. छप्पर गळू लागले तर परदेशातून कोणी येईल म्हणून वाट पाहत बसत नाही. आयती मिळालेली वस्तू माणसास बहुधा परकी वाटते. घाम गाळून मिळवलेली वस्तू आपली वाटते. म्हणून गावाचा वाटा मागणे यात कंजूषपणा नाही. तो त्या गावाच्या स्वाभिमानाचा आदर आहे.

या स्वाभिमानाचे दुसरे थोर उदाहरण आफ्रिकेतील केनिया देशात आढळते. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. जोमो केन्याटा यांनी आपल्या देशबांधवांना ‘हरांबे’ हा मंत्र दिला. जड ओझे ओढताना सर्वांनी एकदम जोर लावावा म्हणून जी हाक घालतात, तिचा भाव या स्वाहिली शब्दात आहे. सारे मिळून ओढू या, असा त्याचा अर्थ. हा शब्द त्या देशाच्या राजचिन्हावरही कोरलेला आहे. खेड्याखेड्यांत लोकांच्या सभा भरत. कोणी पैसे देई, कोणी कोंबडी, कोणी बकरी, कोणी धान्य; त्या वस्तूंचा लिलाव होई आणि जमलेल्या रकमेतून शाळा बांधली जाई. या रीतीने माध्यमिक शाळा इतक्या निघाल्या की पुढील दशकात त्यांची संख्या सरकारी माध्यमिक शाळांहून अधिक झाली. परदेशांतून आलेले तरुण स्वयंसेवक यांपैकी कित्येक शाळांत शिकवू लागले. गरीब माणूस केवळ घेणारा असतो, हा समज किती खोटा आहे, हे या हरांबे शाळांनी दाखवून दिले.

परंतु याच उदाहरणात एक इशाराही आहे. इमारत उभारण्याचा उत्साह एक दिवसाचा असतो; शाळा चालवण्याचे काम वर्षानुवर्षांचे असते. कित्येक हरांबे शाळांत भिंती होत्या, पण प्रशिक्षित शिक्षक नव्हते; वर्ग होते, पण प्रयोगशाळा नव्हती. ज्या भागातील लोक थोडे सुस्थितीत होते तेथे शाळा भराभर वाढल्या. जेथे दारिद्र्य अधिक तेथे त्या मागे पडल्या. म्हणजे ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्यांनाच सर्वांत कमी मिळाले. लोकवर्गणी थोर असली तरी तिच्याही मर्यादा आहेत. शासनाचे कर्तव्य ती आपल्या शिरावर घेऊ शकत नाही, आणि ते टाळण्यास शासनास निमित्तही होता कामा नये. जेथे गावाचे बळ अपुरे पडते, तेथेच बाहेरच्या मदतीचे खरे स्थान आहे. ती मदत देताना विटांपेक्षा शिक्षकाकडे अधिक लक्ष द्यावे. कोनशिलेवर दात्याचे नाव कोरता येते, शिक्षकाच्या वेतनावर ते कोरता येत नाही. म्हणून पुष्कळांना कोनशिला अधिक आवडते. पण झाडाखाली बसलेला चांगला शिक्षक शाळा निर्माण करतो. शिक्षकावाचून उभी असलेली इमारत गुरांच्या निवाऱ्यास तेवढी उपयोगी पडते.

निधीच्या कामात आणखी एक गोष्ट अत्यंत आवश्यक आहे. ती म्हणजे चोख हिशेब. अमेरिकेतील एका संस्थेने पाकिस्तान व अफगाणिस्तानातील खेड्यांत शाळा काढण्यासाठी मोठा निधी जमवला होता. तिला असंख्य शाळकरी मुलांनी नाणे नाणे साठवून पैसे दिले. परंतु २०१२ साली सरकारी चौकशी झाली, तेव्हा पैशाच्या विनियोगात गंभीर दोष आढळले आणि संस्थेच्या प्रमुखास १० लाख डॉलरांच्या वर रक्कम संस्थेस परत करण्याचे मान्य करावे लागले. या संस्थेने काही शाळा खरोखरच बांधल्या होत्या. तरीही विश्वासास तडा गेला, आणि त्याचे दुःख सर्वांत अधिक झाले असेल ते त्या नाणी देणाऱ्या मुलांना. दान देताना हिशेब मागणे म्हणजे मनाचा कोतेपणा, असे समजणारे लोक आहेत. त्यांचा समज चुकीचा आहे. जो पैसा अनेकांच्या विश्वासाने जमला, त्याच्या पै-पैचा हिशेब उघड्यावर मांडणे हे जमवणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि तो विचारणे हा देणाऱ्याचा हक्क आहे. मुलांनीही हा हक्क लहानपणापासून बजावावा.

शुद्ध हेतूने केलेल्या कामाचेही अनपेक्षित परिणाम होतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. बांधकामाचे साहित्य लवकर पोहोचावे म्हणून १९६४ साली हिलरी व शेर्पा यांनी लुक्ला येथे धावपट्टी तयार केली. साहित्य आले, पण त्याच वाटेने पुढे हजारो प्रवासीही आले. शेर्पांना रोजगार मिळाला, पण प्रवाशांच्या चुलींसाठी आणि निवाऱ्यांसाठी झाडे तुटू लागली व उतार उघडे पडू लागले. हे पाहून हिलरी स्वस्थ बसले नाहीत. १९७६ साली त्या प्रदेशात सागरमाथा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यास न्यूझीलंडने साहाय्य केले. पुढे ट्रस्टने रोपे लावण्याचे कामही हाती घेतले. खुमजुंगच्या शाळेत शिकलेले मिंग्मा नोर्बू शेर्पा हे पुढे या उद्यानाचे प्रमुख अधिकारी झाले. शाळेने घडवलेला मुलगा आपल्या भूमीचा रक्षक झाला, याहून शाळेस अधिक काय हवे? मदत देऊन पाठ फिरवणारा माणूस आपल्या कामाचे बरेवाईट फळ पाहतच नाही. जो पुनःपुन्हा परत जातो त्यालाच चूक दिसते आणि ती दुरुस्तही करता येते.

हिलरी तर आयुष्यभर परत जात राहिले. ३१ मार्च १९७५ रोजी त्यांच्यावर दारुण प्रसंग कोसळला. फाफ्लू येथे रुग्णालयाचे बांधकाम चालू होते. तेथे त्यांच्याकडे येण्यास निघालेल्या त्यांच्या पत्नी लुईस व धाकटी कन्या बेलिंडा यांचे विमान काठमांडूहून उडताच कोसळले आणि त्यात दोघींचाही अंत झाला. अशा घावाने एखाद्याने त्या भूमीकडे पुन्हा पाहिलेही नसते. दुःखाने हिलरी खचले. परंतु हाती घेतलेले काम त्यांनी सोडले नाही. ११ जानेवारी २००८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतरही ट्रस्टचे कार्य चालू राहिले. २०१५ सालच्या एप्रिल महिन्यात नेपाळात भीषण भूकंप होऊन त्या भागातील अनेक शाळांची पडझड झाली, तेव्हा देशोदेशीच्या लोकांनी पुन्हा वर्गणी दिली आणि वर्ग पुन्हा उभे राहिले.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो क्षुल्लक नाही. स्वतःच्या देशातील कित्येक शाळा दुरवस्थेत असताना परदेशातील शाळांची चिंता कशास, असे पुष्कळ लोक विचारतात. शेजाऱ्याची भूक दिसत असताना दूरच्यासाठी अन्नछत्र घालणे हा ढोंगीपणा आहे, यात शंका नाही. परंतु अनुभव असा की, जो दूरच्या मुलासाठी ओंजळ पुढे करतो, तो जवळच्या मुलाकडे सहसा पाठ फिरवीत नाही. आणि ‘आधी आपले’ असे म्हणून जो दूरच्यास नाकारतो, तो आपल्यासाठी तरी काही करतोच असे नाही. दयेचा झरा एकदा वाहू लागला की तो गावाच्या शिवेवर अडत नाही. कलकत्त्याच्या कारखान्याने खुमजुंगला इमारत दिली, तेव्हा भारतातील सर्वच खेड्यांत शाळा होत्या असे नव्हे. स्वतः सर्वस्वी संपन्न होईपर्यंत दान द्यावयाचे नाही, असे साऱ्यांनीच ठरवले असते, तर जगात दान हा शब्दच उरला नसता.

मात्र देताना एक पथ्य पाळलेच पाहिजे. देणारा उंच नाही आणि घेणारा ठेंगणा नाही. हिलरींस शिखरावर जाताना शेर्पांची गरज होती. शेर्पांच्या मुलांना अक्षरांच्या वाटेवर हिलरींची गरज पडली. ज्या देशाकडे आज हात पुढे करावा लागतो, त्याच देशास उद्या हात देण्याची वेळ येते. फाटक्या कपड्यांतील मुलांची केविलवाणी चित्रे दाखवून निधी जमवणे सोपे असते; पण त्या मुलांनी ती चित्रे पाहिली तर त्यांना काय वाटेल, याचा विचार जमवणाऱ्यांनी अवश्य करावा. दया अशी असावी की जिच्यामुळे कोणाची मान खाली जाऊ नये.

खुंदे येथील रुग्णालयात प्रारंभी परदेशी डॉक्टर काम करीत. कालांतराने त्याची धुरा शेर्पा डॉक्टरांनी उचलली. परक्या गावची शाळा पाहण्यास गेलेल्या दात्याने एवढेच पाहावे की, आता तेथे आपल्यावाचून काही अडत नाही. ते पाहून ज्यास आनंद होतो, त्याचे दान सार्थकी लागले असे समजावे.